फरिदाबादचे दोन सिलिंडर

1983 साली दिल्लीलगतच्या फरिदाबादेत एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत 350 ही मोटरसायकल बाजारात आणली. जपानच्या यामाहा आरडी 350 ची ती परवान्याखाली घडवलेली आवृत्ती होती : टू-स्ट्रोक, 347 सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर आणि सहा गिअर. एकाच सिलिंडरच्या बुलेट, राजदूत आणि येझदीची सवय असलेल्या देशाला ही गाडी नवलाची वाटली. मात्र मूळ जपानी इंजिन 39 अश्वशक्तीचे होते. फरिदाबादचे आरंभी सुमारे 30.5 आणि पुढच्या आवृत्तीत सुमारे 27 अश्वशक्तीचे. उरलेली शक्ती गेली कुठे?

आधी दोन सिलिंडर कशासाठी, ते पाहू. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 64 मिमी आणि पिस्टनची धाव 54 मिमी. मिनिटाला 7,500 फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 13.5 मीटर होतो. याच प्रमाणातले 347 सीसीचे एकच सिलिंडर केले, तर पिस्टनचा तोच वेग 5,950 फेऱ्यांच्या आसपासच गाठला जाईल. आकारमान विभागले की पिस्टन लहान होतो, फेऱ्या वाढतात आणि फेऱ्यांबरोबर शक्ती वाढते. ड्रॅग शर्यतीतले लोकही सिलिंडर वाढवत गेले. अमेरिकेत रस कॉलिन्सने सत्तरच्या दशकात होंडाच्या दोन चार-सिलिंडर इंजिनांपासून आठ सिलिंडरांचे व्ही इंजिन उभारले आणि पाव मैल 7.30 सेकंदांत कापला.

टू-स्ट्रोकमध्ये हे जोडकाम आणखी अवघड असते. ताजे मिश्रण पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये दाबले जाते. म्हणून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, हवाबंद क्रँककेस लागतो. आरडीच्या क्रँकशाफ्टच्या मधोमध असलेले सील नेमके हेच काम करते. ते गळू लागले, की एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यात जातो आणि दोन्ही दुबळे होतात.

शक्तीचे दुसरे घर म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट. 7,500 फेऱ्यांवर एक फेरी आठ सहस्रांश सेकंदांत संपते आणि जळका वायू बाहेर पडायला त्यातला साधारण निम्माच काळ मिळतो. पोर्ट उंच असेल, तर वरच्या फेऱ्यांना इंजिन मोकळा श्वास घेते. पण खालच्या फेऱ्यांना न जळलेले पेट्रोल धुराबरोबर निघून जाते. फरिदाबादच्या आवृत्तीत पोर्ट आणि सायलेन्सर इंधन वाचवण्याच्या बेताने बदलले गेले. गेलेली अश्वशक्ती तिथे अडली होती.

तडजोड करूनही बाजार जिंकता आला नाही. 1985 साली हरियाणातल्याच धारूहेडा इथून हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 निघाली. पेट्रोल जपून भरणाऱ्या मध्यमवर्गाने तिला आपलेसे केले. त्याच वर्षी एस्कॉर्ट्सनेही 98 सीसीची आरएक्स 100 आणली आणि तीच लाडकी ठरली. दशकाच्या अखेरीस राजदूत 350 चे उत्पादन थांबले.

गाडीचे दुसरे आयुष्य कारागिरांच्या बाकावर सुरू झाले. पोर्टच्या कडा कानशीने उंचावायच्या, कारखान्याचा सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर बसवायचा, कार्बुरेटरचे जेट बदलायचे. चेंबरच्या शंकूवरून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. पोर्ट मिलिमीटरभर जास्त कापला गेला, तर मात्र सिलिंडर वाया जातो, कारण कापलेला धातू परत येत नाही.  हे ज्ञान वितळलेल्या पिस्टनांवरून शिकले गेले.

रॉयल एन्फिल्डचे 648 सीसीचे दोन सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन भारतीय रस्त्यावर आले ते 2018 साली, म्हणजे राजदूत 350 नंतर पस्तीस वर्षांनी. परवान्याने आराखडा मिळतो. पोर्ट तेवढाच का कापला, याचे उत्तर त्यात नसते. फरिदाबादच्या यंत्राचे ते उत्तर देशाने पुष्कळसे कारखान्याबाहेर, हातात कानस घेऊन शोधले.