भूक आणि हिवताप : पंजाबातील १९०८ च्या साथीचा पुनर्विचार

प्रस्तावना

हिवतापाचा इतिहास बहुतांशी डासाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत या रोगाचे परजीवी आढळले आणि दूषित हवेच्या माथी मारल्या गेलेल्या तापाचा खरा वाहक हाती लागला. या शोधाचे महत्त्व वादातीत आहे. तथापि संसर्ग कसा होतो हे कळल्याने एक प्रश्न सुटत नाही. तोच ताप भरलेल्या दोघांपैकी एक महिनाभरात कामाला लागतो आणि दुसरा दगावतो, तो का? प्रस्तुत लेखात १९०८ साली पंजाबात आलेल्या साथीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

साथीचे स्वरूप

१९०७ चा पावसाळा उत्तर भारतात अपुरा पडला. पीक बुडाले आणि धान्याचे भाव चढले. कालव्यांच्या पाण्यावर पिकलेला गहू कराची बंदरातून इंग्लंडला धाडणाऱ्या पंजाबातही मजुराला पोटभर अन्न मिळेनासे झाले. या टंचाईच्या पाठोपाठ १९०८ चा पावसाळा आला, तो अतिवृष्टी घेऊन. सखल भागांत पाणी साचले आणि सप्टेंबरअखेरीपासून हिवतापाने प्रांत व्यापला. अमृतसर शहरात तर जवळजवळ सर्व लोक एकाच वेळी आजारी पडल्याने दैनंदिन व्यवहार ठप्प झाले. त्या शरद ऋतूत प्रांतात सुमारे ३,००,००० माणसे दगावली आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते.

ख्रिस्तोफर्स यांची मांडणी

या साथीची चौकशी सॅम्युअल रिकर्ड ख्रिस्तोफर्स या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत डासनिर्मूलनाचा जो प्रयोग शतकाच्या आरंभी झाला, त्याच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता. तो प्रयोग अयशस्वी ठरल्याचा निर्वाळा त्यांनी दिला होता, तर प्रयत्नच अपुरे होते असा रॉस यांचा आक्षेप होता. १९०९ च्या सिमला परिषदेत हा वाद उघडपणे रंगला. या पार्श्वभूमीवर ख्रिस्तोफर्स यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्यापुढील साधने सदोष होती. खेड्यातील चौकीदार बहुतेक मृत्यू 'ताप' या एकाच सदराखाली नोंदवीत असे. ख्रिस्तोफर्स यांनी त्यावर उपाय असा केला की, शरद ऋतूतील मृत्युसंख्येची उसळी हीच हिवतापाची खूण मानली. पुढे त्यांनी अनेक वर्षांच्या अशा उसळ्या एकीकडे पर्जन्यमानाशी आणि दुसरीकडे धान्याच्या भावांशी ताडून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष असा होता की, केवळ अतिवृष्टीने प्राणघातक साथ उद्भवत नाही. तिच्या आधी टंचाई असावी लागते. पाऊस रोगाचा प्रसार ठरवतो आणि भूक त्याची प्राणघातकता ठरवते. मजुरी धान्याच्या भावांच्या वेगाने वाढत नसल्याने बाजारभाव हा त्यांच्या दृष्टीने उपासमारीचा मापदंड होता.

या निष्कर्षाचे राजकीय परिणाम दूरगामी होते. डबकी बुजवण्याचे काम आरोग्य खात्याकडे सोपवता येते. धान्याचे भाव, मजुरी आणि निर्यात हे विषय मात्र थेट राज्यकारभाराचे असतात. कालांतराने आरोग्यविषयक लेखनात आर्थिक घटकाची चर्चा मागे पडली. शीला झर्ब्रिग यांनी २०१९ च्या ग्रंथात ती पुन्हा पुढे आणली. डीडीटीचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. परंतु पंजाबातील साथींची प्राणघातकता त्याच्या कितीतरी आधी ओसरली होती. संसर्गात तेवढी घट झाल्याचा पुरावा नसल्याने, तीव्र उपासमारीला बसलेला आळा हे त्यांनी त्याचे प्रमुख कारण मानले आहे.

चयापचयाचा पेच

या मताला छेद देणारे वाटणारे पुरावेही आहेत. सहेल प्रदेशातील दुष्काळानंतर मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये असे नोंदवले की, उपाशी रुग्णांना अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातील सुप्त हिवताप उसळून आला. रक्तातील लोहाची वाढ हे त्यांनी सुचवलेले कारण होते. लिस्बन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. त्यांत उष्मांक घटवले असता परजीवींची वाढ मंदावली. यजमानाच्या शरीरातील पोषकद्रव्यांची चाहूल परजीवीला लागते आणि तो आपल्या वाढीचा वेग त्यानुसार बदलतो, असे त्यांनी दाखवले.

मग भूक ही संरक्षक मानावी काय? तसा अर्थ काढणे धोक्याचे ठरेल. प्रयोगातील उंदरांचे उष्मांक मोजूनमापून आणि काही आठवड्यांपुरते कमी केले होते. पंजाबातील मजुराची भूक अनेक महिन्यांची होती. तीत प्रथिने व जीवनसत्त्वे यांचीही वाण होती आणि त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीच खचत होती. याउलट, पापुआ न्यू गिनीतील १९९९ च्या चाचणीत अ जीवनसत्त्वाच्या पूरक मात्रेमुळे लहान मुलांमधील हिवतापाचे झटके सुमारे ३० टक्क्यांनी घटले. शिवाय परजीवींची संख्या आणि रुग्णाचे मरण ही दोन वेगळी मापे आहेत. परजीवी कमी असले, तरी ताप व पांडुरोग सोसण्याइतकी पुंजी शरीरात नसेल, तर रुग्ण दगावू शकतो.

समारोप

आहार आणि हिवताप यांचा संबंध सरळ रेषेत मांडता येत नाही. कोणते पोषकद्रव्य कमी आहे, किती काळ कमी आहे आणि मोजले काय जात आहे, संसर्ग की मृत्यू, यांवर उत्तर अवलंबून राहते. ख्रिस्तोफर्स यांना परजीवीच्या चयापचयाची आजच्यासारखी माहिती नव्हती. तरीही मृत्यूच्या नोंदवहीशेजारी बाजारभावांची वही उघडून ठेवण्याची त्यांची पद्धत आजच्या इतिहास-अभ्यासकालाही मार्गदर्शक आहे. साथीत किती जण आजारी पडले, एवढ्याने तिचा इतिहास पुरा होत नाही. त्यांच्या घरात त्या वर्षी किती धान्य होते, हेही विचारावे लागते.