यंत्रांची झोंप

मनुष्यानें यंत्रांस काम करावयास कसें शिकविलें, ह्याचा इतिहास पुष्कळ ग्रंथकारांनीं लिहिला आहे. पण काम नसतां स्वस्थ पडून राहावयास त्यानें त्यांस कसें शिकविलें, ही हकीकत सामान्य वाचकांच्या कानावर क्वचितच येते. वस्तुतः हा दुसरा धडा पहिल्याहून अवघड ठरला. खिशांतील मोबाईल, घरांतील विजेचा मीटर, विहिरीवरील पंपाची पेटी, ह्या सर्वांच्या पोटांत हल्लीं एक लहानसा संगणक असतो. त्यांतील जे बॅटरीवर चालतात, त्यांची बॅटरी एक दिवस पुरेल कीं आठवडा, हें ते किती चांगलें काम करतात ह्यापेक्षां किती चांगले झोंपतात, ह्यावरच अधिक अवलंबून असतें.

ही झोंप ठरविणारा अधिकारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात. मोठ्या वाड्यांतील कारभाऱ्याप्रमाणें कोणास किती वेळ, किती जागा व किती वीज द्यावी, हें तो पाहतो. ह्या कारभाऱ्यास प्रारंभापासून एक संवय जडलेली होती. ठराविक अंतरानें घड्याळाचा टोला पडे. प्रत्येक टोल्यास तो उठून ‘कांहीं काम आहे काय?’ असें विचारी, आणि नसल्यास पुढील टोल्याची वाट पाही. १९७० नंतरच्या दशकांत पीडीपी-११ यंत्रावरील युनिक्समध्यें हा टोला सेकंदास साठ वेळां पडत असे, कारण अमेरिकेंतील विजेचीं आवर्तनें सेकंदास साठ असतात. वीज भिंतींतून येत होती. तेव्हां ह्या निष्फळ जागरणाचा हिशेब कोणी मागितला नाहीं.

हिशेब प्रथम मागितला तो गरिबीनें. इंग्लंडांतील सायन कंपनीनें १९९१ सालीं ‘सीरीज ३’ नांवाचा हातांत मावणारा संगणक काढला. तो दोन साध्या सेलांवर चाले. एवढ्या शिदोरीवर सेकंदागणिक उठून विचारपूस करणें परवडणारें नव्हतें. तेव्हां कळ दाबली जाईल किंवा गजर होईल तेव्हांच उठावें, एरव्हीं प्रोसेसर थांबवून ठेवावा, ही शिस्त तेथें प्रथमपासूनच अंगीं बाणली. ह्याच घराण्यांतून पुढें १९९८ सालीं सिम्बियन कंपनी निघाली व नोकियाच्या फोनांमुळें ती शिस्त जगभर पसरली.

ह्या विषयांत पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम ध्यानांत ठेविला पाहिजे. चिपमधील प्रत्येक हालचालीस लागणारी ऊर्जा व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. व्होल्ट अर्धे केले तर खर्च चौथाईवर येतो. नुसता वेग कमी केला तर मात्र तेंच काम अधिक वेळ चालतें, आणि ह्या ऊर्जेची बचत जवळजवळ होत नाहीं. म्हणून हलक्या व्होल्टतेवर सावकाश चालावें, कीं काम झटपट उरकून गाढ झोंपीं जावें, हा निर्णय कर्नेलला क्षणोक्षणीं घ्यावा लागतो.

ज्या लिनक्सचा कर्नेल आज बहुसंख्य मोबाईलांत आहे, त्यास ही अक्कल उशिरा आली. १९९१ सालीं त्याचा टोला सेकंदास शंभर वेळां पडे. आवाज, चित्रें ह्यांचें काम सफाईनें व्हावें म्हणून २००३ सालीं साध्या पीसीवरील आवृत्तींत तो हजारांवर नेण्यांत आला. म्हणजे रिकामें यंत्रसुद्धां दिवसांत आठ कोटी चौसष्ट लक्ष वेळां दचकून उठूं लागलें! अखेर २००७ सालीं थॉमस ग्लाइक्स्नर व इंगो मोल्नार ह्यांच्या परिश्रमानें पुढील काम केव्हां आहे हें आधीं पाहून तोंपर्यंत टोलाच बंद ठेवण्याची सोय पीसीवरील लिनक्समध्यें झाली.

आतां आपल्याकडे वळूं. यवतमाळ जिल्ह्यांत, तेलंगणाच्या सीमेलगत, झरी जामणी हा कपाशी-तुरीचा व कोलामांच्या पोडांचा तालुका आहे. अशा भागांत बॅटरीची काटकसर ही चैन नव्हे. महाराष्ट्रांत अनेक वर्षें शेतीपंपांस पाळीनें दिवसा आठ तास किंवा रात्रीं दहा तास थ्री-फेज वीज देण्याची वहिवाट पडली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ सालीं सरकारनें सौर कृषी वाहिनी योजना काढली. पण तोंपर्यंत कित्येक पिढ्यांनीं रात्रीं साप-विंचवांच्या वाटेनें पंप गांठला होता. आपल्या आजोबांची अशीच पायपीट पाहिलेले पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल ह्यांनीं ‘नॅनो गणेश’ हें साधन तयार केलें. शेतकऱ्यानें घरून मोबाईल लावावा व पंप चालू-बंद करावा, अशी त्याची रचना असून २००९ सालीं त्यास नोकियाच्या स्पर्धेंत पारितोषिक मिळालें.

हें साध्य होण्याचें एक कारण पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. जीएसएम फोन अखंड जागा नसतो. नेटवर्कनें ठरवून दिलेल्या अंतरानें, सुमारें अर्ध्या ते दोन सेकंदांनीं, तो एक क्षण जागा होऊन ‘मला कोणी हांक मारली काय?’ एवढेंच ऐकतो व पुन्हां डोळे मिटतो. त्याची दक्षता ह्या वेळेवर जागें होण्यांत आहे.

तथापि एक वाद उरतोच. यंत्रास जागें ठेवण्याचा अधिकार कोणाचा? अँड्रॉइडच्या कर्त्यांनीं ‘वेकलॉक’ नांवाची व्यवस्था लिनक्समध्यें घालावी असें २००९ सालीं सुचविलें. कोणी जागरणाची चिठ्ठी धरलेली नसेल तर यंत्रानें झोंपावें, असा तिचा नियम. ही चिठ्ठी वाटेल त्या प्रोग्रामच्या हातीं कशी द्यावी, ह्यावर कडाक्याचा वाद झाला. २०१२ सालीं राफाएल विसोत्स्की ह्यांच्या तडजोडीनें तो बराचसा मिटला. शेतांतील ऑटोस्विचचा प्रश्न ह्याच जातीचा आहे. वीज येतांच आपला पंप आपोआप सुरू व्हावा ही प्रत्येकाची इच्छा रास्त; पण सर्व पंप एकाच क्षणीं सुरू झाले म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो व अंधार सर्वांच्याच वांट्यास येतो. म्हणूनच ऑटोस्विच काढण्याची विनंति महावितरणला वारंवार करावी लागली आहे.

सोय एकाची आणि खर्च सामाईक, अशी स्थिति जेथें असते तेथें नुसत्या उपदेशानें काटकसर होत नाहीं. कोण किती खर्च करतो हें उघड दिसावें लागतें. लिनक्सच्या बाबतींत २००७ सालीं इंटेलनें ‘पॉवरटॉप’ हें साधन काढून कोणता प्रोग्राम यंत्रास किती वेळां उठवितो, हें चव्हाट्यावर मांडलें. त्यानंतर पुष्कळ प्रोग्रामकारांनीं आपल्या चुका सुधारल्या. संपन्न घरच्या वाचकांस चार्जर हाताशीं असल्यानें हें सारें क्षुल्लक वाटेल. परंतु उधळ्या प्रोग्रामचा दंड प्रथम भरावा लागतो तो ज्याच्याकडे वीज पाळीनें येते त्यास, हें त्यांनीं विसरूं नये.