डॉ. रतन लाल : मातीतल्या कर्बाचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ

माती परीक्षणाच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाशाच्या जोडीला एक रकाना असतो, सेंद्रिय कर्बाचा. बहुतेकांची नजर त्यावरून पुढे सरकते, कारण त्याची गोणी दुकानात मिळत नाही. हा आकडा ०.५ टक्क्यांच्या खाली असला की जमिनीत कर्ब कमी आहे असं साधारणपणे धरतात. या एका रकान्यावर ज्यांनी पन्नासहून जास्त वर्षं काम केलं, ते म्हणजे डॉ. रतन लाल. २०२० चा जागतिक अन्न पुरस्कार आणि २०२१ ची पद्मश्री त्यांना याच कामासाठी मिळाली.

फाळणी, लुधियाना, ओहायो

लाल यांचा जन्म १९४४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या करयाल गावचा. फाळणीत कुटुंब निर्वासित होऊन हरियाणातल्या राजौंदला आलं. शेती थोडी, पोटापुरती. १९६३ मध्ये लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातून पदवी, मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून एमएस्सी आणि १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून पीएचडी, असं त्यांचं शिक्षण झालं.

खरं काम सुरू झालं १९७० मध्ये, नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेत. तिथे जंगल तोडून शेतं तयार होत होती आणि थोड्याच वर्षांत जमीन थकत होती. लाल यांनी १ टक्क्यापासून १५ टक्क्यांपर्यंत उताराच्या जमिनीवर चाचणीचे तुकडे आखले आणि कुठून किती पाणी वाहतं, किती माती जाते ते मोजलं. नांगरून उघड्या टाकलेल्या तुकड्यातून पाण्याबरोबर माती वाहून गेली. ज्या तुकड्यात नांगर न घालता पिकाचे अवशेष आच्छादन म्हणून तसेच ठेवले, तिथे मातीची धूप जवळपास थांबली. आपल्याकडे पहिल्या वळवाच्या पावसात ओढ्याला लाल-काळं पाणी येतं, तोच हा प्रकार. फक्त त्यांनी तो वर्षानुवर्षं मोजून कागदावर आणला.

१९८२ च्या सुमाराला हवामान शास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल इबादानला आले. जंगलाखालच्या मातीत एवढा कर्ब आणि शेजारच्या शेतात एवढा कमी, मग उरलेला गेला कुठे आणि तो परत मातीत आणता येईल का, असा प्रश्न या भेटीत निघाला. तोवर लाल यांचं लक्ष धूप आणि उत्पादनावर होतं. १९८७ मध्ये ओहायोला परतल्यावर त्यांनी हाच प्रश्न हाती घेतला.

हिशेब काय सांगतो

लाल यांचा सर्वांत गाजलेला निबंध २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात त्यांनी मांडलं की जगभरच्या मातीत सुमारे २५०० अब्ज टन कर्ब आहे. हा हवेतल्या कर्बाच्या ३.३ पट आणि झाडाझुडपांतल्या कर्बाच्या ४.५ पट होतो. (यात चुनखडीच्या रूपातला कर्बही आला. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते, पण माती परीक्षणातला सेंद्रिय कर्ब हा त्यापासून वेगळा.) शेतीमुळे मातीने आजवर ४२ ते ७८ अब्ज टन कर्ब गमावला, आणि त्यातला ५० ते ६६ टक्के परत भरता येईल, असा त्यांचा अंदाज होता. चांगल्या मशागतीने वर्षाला ०.४ ते १.२ अब्ज टन कर्ब मातीत साठू शकेल, म्हणजे कोळसा-तेल जाळून होणाऱ्या उत्सर्जनाच्या ५ ते १५ टक्के. बाकीचं काम मातीच्या आवाक्यातलं नाही, आणि ही साठवणही काही दशकांनी भरते, हे लाल यांनी लपवलेलं नाही.

शेतकऱ्याच्या कामाचा आकडा याच निबंधात आहे. झिजलेल्या जमिनीत हेक्टरी १ टन कर्ब वाढला तर गव्हाचं उत्पादन हेक्टरी २० ते ४० किलो, मक्याचं १० ते २० किलो वाढू शकतं. आकडा छोटा वाटेल, आणि तो छोटाच आहे. पण तो दरवर्षी मिळतो.

आता हा १ टन येतो कसा ते बघायला हवं. एक हेक्टरच्या वरच्या वीतभर थरात माती धरावी सुमारे २० लाख किलो. त्यात कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे २ टन, एकरी ८०० किलो. पालापाचोळा, पाचट, शेणखत यांतला बहुतेक कर्ब कुजताना हवेत परत जातो, टिकतो थोडाच. साधारण १५ टक्के टिकला असं धरलं, तर एकरी १२-१३ टन कोरडा काडीकचरा जमिनीला द्यावा लागतो. एका हंगामात हे होत नाही, चार-सहा वर्षांचं काम आहे. 'एका फवारणीत कर्ब दुप्पट' अशी जाहिरात करणाऱ्या बाटलीबद्दल त्यामुळे शंका घ्यायला हरकत नाही.

शिवाय नुसता कर्ब टिकत नाही. लाल यांच्याच मांडणीनुसार १ टन कर्ब ह्युमसच्या रूपात राहायला सुमारे ८३ किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि १४ किलो गंधक लागतं. पाचट कुट्टी करून त्यावर युरिया-सुपर टाकायचा सल्ला मिळतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

पाण्याचं खरं किती

कर्ब १ टक्का वाढला की एकरी लाखो लिटर पाणी साठतं, असं अनेकदा ऐकायला मिळतं. मिनासनी आणि मॅकब्रॅटनी या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरच्या मोजण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा १ टक्का कर्बवाढीमागे १०० मिलिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरच वाढलेलं दिसलं. एकराला फूटभर खोलीत हा हिशेब सुमारे १४ हजार लिटरवर येतो. रेताड, हलक्या जमिनीत फायदा जास्त, भारी चिकणमातीत कमी. आणि ०.५ वरून १.५ टक्के होणं म्हणजे तिप्पट वाढ, ती सहज कुणाला जमत नाही.

म्हणून कर्ब निरुपयोगी ठरतो असं नाही. हे पाणी प्रत्येक चांगल्या पावसाला पुन्हा भरतं. त्याहून मोठा फायदा साठवणीबाहेरचा आहे : मातीचे कण बांधले जातात, पाऊस आपटून कवच धरत नाही, पाणी वाहण्याऐवजी मुरतं आणि आच्छादनामुळे उन्हाने उडत नाही. इबादानच्या उतारावर लाल यांनी मोजलं होतं ते हेच.

बिननांगरणीच्या बाबतीतही मतभेद आहेत. त्याने कर्ब वरच्या थरात वाढतो, पण खालच्या थरात तितका वाढत नाही, काही ठिकाणी घटतोही, असं नंतरच्या अभ्यासांत आढळलं. धूप थांबते यावर मात फारसा वाद नाही. रायगड जिल्ह्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र याच वाटेचं : कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच.

पैसे कुणाला

कर्ब साठवणं ही साऱ्या समाजाची सेवा आहे, तेव्हा शेतकऱ्याला तिचं योग्य मोल मिळालं पाहिजे, असा लाल यांचा आग्रह आहे. अन्न पुरस्काराचे अडीच लाख डॉलर त्यांनी विद्यापीठातल्या मातीच्या संशोधनालाच दिले. २०२४ चा गुलबेंकियन पुरस्कारही त्यांना मिळाला, आंध्र प्रदेशातल्या नैसर्गिक शेतीच्या कार्यक्रमाबरोबर आणि इजिप्तच्या सेकेम संस्थेबरोबर विभागून.

आता कार्बन क्रेडिटचे करार गावागावांत येऊ लागले आहेत. सही करण्याआधी विचारायच्या गोष्टी या संशोधनातूनच निघतात. कर्ब प्रत्यक्ष माती काढून मोजणार की नुसता अंदाजाने धरणार? किती खोलीपर्यंत? करार किती वर्षांचा, आणि मधे एकदा खोल नांगरट करावी लागली किंवा जमीन वाटणीत गेली तर आधी मिळालेले पैसे परत मागणार का? सुरुवातीचा आकडा आपल्याकडेही हवा. त्यासाठी करारापूर्वीच, त्याच शेतातला, त्याच खोलीचा माती नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवावा. अहवालात 'सेंद्रिय कर्ब' लिहिलंय की 'सेंद्रिय पदार्थ' तेही पाहावं, कारण दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे १.७२ पट असतो आणि दोन्हींची गल्लत झाली तर कर्ब न वाढताच वाढलेला दिसतो.