दोन फासे, एक वाद: उत्तर १/६ की १/११?

कोडं साधं आहे. तुमच्या नजरेआड कुणीतरी दोन फासे टाकले. तुम्ही विचारलं, "निदान एकावर तरी सहा पडलाय का?" उत्तर आलं, "हो." आता दोन्हींवर सहा असण्याची शक्यता किती?

बरेच जण पटकन १/६ म्हणतात. "एका फाशाला दुसऱ्याचं काय माहीत?" हा त्यांचा मुद्दा. इथूनच वाद पेटतो आणि कुणीच माघार घेत नाही.

मोजून पाहूया

एक फासा लाल, एक निळा समजा. एकूण जोड्या ६ × ६ = ३६. त्यात सहा असलेल्या जोड्या अशा:

- फक्त लालवर सहा: ५
- फक्त निळ्यावर सहा: ५
- दोन्हींवर सहा: १

एकूण ११, हवी असलेली १. म्हणून उत्तर १/११.

मग १/६ येतं कुठून?

प्रश्न बदलला की येतं. "लालवर सहा आहे का?" असं विचारलं आणि "हो" आलं, तर ६ जोड्या उरतात, त्यातली १ आपली. म्हणजे १/६. पहिल्या प्रश्नात सहा कोणत्या फाशावर आहे हे ठरलेलंच नाही, त्यामुळे "दुसरा फासा" म्हणजे नेमका कोणता, हेही ठरत नाही. पुष्कळदा दोघे भांडतात ते दोन वेगळ्या प्रश्नांवर.

हट्ट जुनाच आहे

फ्रेंच गणिती दालंबेर यानं १७५४ मध्ये लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची शक्यता २/३. खरं उत्तर ३/४. त्यानं काटा-छापा आणि काटा-काटा यांच्यासोबत "पहिल्यांदाच छापा" ही एकच शक्यता धरली; तिच्या पोटात दोन शक्यता आहेत हे सुटलं.

आपल्या वाशीमचा जो विदर्भ, तिथल्या दमयंतीच्या गोष्टीतही असा हट्ट आहे. महाभारताच्या वनपर्वात राजा ऋतुपर्ण रथातून विदर्भाकडे निघालेला असतो. वाटेत बेहड्याचं झाड पाहून तो सांगतो, या दोन फांद्यांवर २,०९५ फळं आहेत. सारथी बनलेल्या नळाला पटत नाही. राजा उशीर होतोय म्हणत असताना तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग वाद न घालता तो राजाकडून फाशांची विद्या मागून घेतो.

तुम्हीही तपासा

गूगल शीट्समध्ये दोन कॉलम घ्या. दोन्हींत रँडबिटवीन फंक्शननं १ ते ६ आकडे काढा आणि ३,६०० ओळी भरा. निदान एक सहा असलेल्या ओळी साधारण १,१०० निघतील, दोन्ही सहा असलेल्या साधारण १००. पुढच्या वेळी वाद झाला, तर आधी प्रश्न नेमका काय होता ते कागदावर लिहा, मग शीट उघडा.