विल्यम वेल्स ब्राउन : नाव व इतिहास

नाव हे मनुष्याचे पहिले धन होय. तेही ज्यांच्यापासून हिरावले गेले, अशा एका कृष्णवर्णीय लेखकाचे चरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

विल्यम यांचा जन्म १८१४ च्या सुमारास अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलाम मातेच्या पोटी झाला. पिता गोरा, धन्याचाच आप्त. तथापि कायद्याने अपत्याच्या वाट्यास मातेचे दास्यच येई. पुढे धन्याच्या घरी विल्यम नावाचाच एक नातलग मुलगा राहावयास आला, तेव्हा या गुलाम बालकाचे नाव बदलून सँडफर्ड ठेवण्यात आले. १८३३ साली मातेसह पळण्याचा प्रयत्न फसला व मातेची दक्षिणेकडे विक्री झाली. १ जानेवारी १८३४ रोजी सिनसिनाटी येथे बोटीवरून उतरून ते एकटेच निसटले. कडाक्याच्या थंडीत वेल्स ब्राउन नामक क्वेकर पंथीय गृहस्थाने त्यांस आश्रय दिला. उपकारकर्त्याचे नाव त्यांनी कृतज्ञतेने स्वीकारले. परंतु जन्मनाम विल्यम मात्र सोडले नाही.

दास्यात असताना त्यांना मिळालेले अक्षरज्ञान तुटपुंजे होते. ते त्यांनी स्वकष्टाने वाढविले. ईरी सरोवरावरील आगबोटींवर नोकरी करीत असता त्यांनी अनेक फरारी गुलामांस कॅनडात पोहोचविले. १८४७ साली बोस्टन येथे त्यांचे आत्मचरित्र निघाले. १८४९ साली ते युरोपास गेले. १८५० च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यामुळे परतणे धोक्याचे झाले. तेथेच, लंडनमध्ये, १८५३ साली ‘क्लोटेल’ प्रसिद्ध झाली. आफ्रिकी-अमेरिकी लेखकाची ही पहिली प्रकाशित कादंबरी मानली जाते. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या गुलाम स्त्रीपासून झालेल्या कन्यांची ती कल्पित कथा होय. १८५४ साली इंग्रज स्नेह्यांनी मोल भरून त्यांस मुक्त केले, तेव्हा ते स्वदेशी परतले. १८८४ साली मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी आपल्या लोकांचे इतिहासही लिहिले. अमेरिकेच्या यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांनी केलेला पराक्रम त्यांनी १८६७ साली ग्रंथबद्ध केला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनार्थ झटलेल्या सज्जनांस अर्पण केला, हे वाचकांस विदित आहेच. त्या कार्यात जे स्वतः दास्यातून सुटून आले, त्यांपैकी ब्राउन एक होत.

आपल्या ज्ञातीतील किती वृद्धांच्या आठवणी कागदावर उतरल्या आहेत? आपण न लिहिल्यास दुसरे लिहितील, आणि नावही तेच ठेवतील. म्हणून प्रत्येक घराने एक वही घालावी, एवढीच आमची विनंती आहे.