व्हीलचेअर नसलेला प्रवासी

धागा : स्वमग्नता आणि विमानतळावरील मदत

बोईसर-पालघरच्या कुटुंबाचा विमानप्रवास बहुधा डहाणू लोकलमध्येच सुरू होतो. अणुऊर्जा केंद्र (१९६९) आणि एमआयडीसी यांमुळे तारापूर परिसरात देशभरातील माणसे वसली. विमानाने गावी जायचे तर मुंबई गाठावी लागते. सोबतचे मूल स्वमग्न असेल, तर गर्दी आणि गोंगाट सोसून ते सुरक्षा तपासणीला आधीच थकलेले पोहोचते. तिथे ते कान झाकते, उत्तर देत नाही, अंगाला हात लागताच किंचाळते. समोरच्या कर्मचाऱ्याला यात काय दिसते? हा धागा त्या ‘दिसण्या’चा आहे.

लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन १९४३ मध्ये केले. आपल्या १९९५च्या अपंगत्व कायद्यातील सात प्रकारांत मात्र ती नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. हक्कांच्या कायद्यात ती आली २०१६ मध्ये, २१ प्रकारांपैकी एक म्हणून.

१९ फेब्रुवारी २०१२. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ संस्थेच्या गोव्यातील परिषदेसाठी निघालेल्या जीजा घोष यांना कोलकात्यात स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, स्वमग्नता नव्हे. पण चूक त्याच जातीची : वेगळी हालचाल म्हणजे आजार, हा परस्पर काढलेला निष्कर्ष. नियम २००८ पासून होतेच, हे विशेष! १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी लंडनच्या गॅटविक विमानतळाने न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांचा गळपट्टा आणला. कल्पना उपयुक्त, तरी ओळख पटवण्याचा भार ती प्रवाशावरच टाकते, असे माझे मत.

मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही. कंपनीला ५ लाखांचा दंड करताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने म्हटले, की करुणेने वागले असते तर मूल शांत झाले असते. माझ्या दृष्टीने हा आदेश निर्णायक, कारण त्यात मुलाची घाबरगुंडी नव्हे, तर कर्मचाऱ्यांची हाताळणी तपासली गेली. पुढे नियम बदलला : प्रकृती बिघडण्याची शंका असेल, तर डॉक्टरांनी प्रवाशाला प्रत्यक्ष तपासावे लागते.

कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही नियमांतच आहे. करायचे ते साधे : एकानेच बोलावे, छोटी वाक्ये वापरावीत, उत्तराची वाट पाहावी, सांगितल्याशिवाय स्पर्श करू नये. आणि प्रवाशांसाठी : तिकीट काढताना किंवा किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावे. बौद्धिक वा विकासात्मक अपंगत्वासाठी ‘डीपीएनए’ हा वेगळा संकेत आहे. व्हीलचेअरचा नव्हे, तो नोंदवून घ्यावा.