नित्याचा व्यायाम आणि औंधचा धडा

शरीर नीट ठेवण्यासाठीं रोज करतां येईल असा सोपा व्यायाम कोणता, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित वर्गांत वारंवार विचारला जातो, आणि प्रत्येक पिढी तो जणूं आपल्यालाच प्रथम सुचला अशा थाटानें विचारीत असते. वस्तुतः या प्रश्नाचीं उत्तरें आपल्यापाशीं फार दिवसांपासून आहेत. दंड आहेत, बैठका आहेत, नमस्कार आहेत, आणि कांहीं नाहीं तरी दोन पाय प्रत्येकाला आहेतच. उणीव प्रकारांची कधींच नव्हती. उणीव होती ती नित्यतेची. म्हणून कोणता व्यायाम चांगला हें विचारण्यापेक्षां, व्यायाम समाजाच्या नित्यक्रमांत केव्हां शिरतो आणि त्यांतून केव्हां गळतो, हें इतिहासाला विचारणें आम्हांस अधिक फलदायी वाटतें.

आपल्या वैद्यकग्रंथांनीं व्यायामाला कोठें बसविलें आहे तें प्रथम पाहूं. वाग्भटानें दिनचर्येच्या अध्यायांत त्याला अभ्यंग आणि स्नान यांच्यामध्यें जागा दिली आहे. म्हणजे मुखमार्जन, स्नान, भोजन यांसारखेंच तें एक रोजचें कर्म. त्याला वेगळा मुहूर्त नको आणि वेगळी जागाही नको. दुसरी गोष्ट प्रमाणाची. आपल्या बळाच्या निम्म्यानें व्यायाम करावा, असें हे आचार्य सांगतात. आणि निम्में बळ संपलें हें ओळखावें कसें, तर श्वास तोंडावाटे येऊं लागला म्हणजे, अशी खूण सुश्रुतानें देऊन ठेविली आहे. अतिव्यायामानें तहान, क्षय, खोकला इत्यादि विकार होतात हेंही सांगण्यास ते विसरले नाहींत. ज्यांनीं निम्म्यावर थांबावयास सांगितलें त्यांच्या डोळ्यांपुढें पहिलवान नव्हता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां तेंच करावयाचें आहे असा सामान्य गृहस्थ होता. जो आज सर्व शक्ति खर्च करील तो उद्यां अंथरुणांत राहील, एवढें व्यवहारज्ञान त्या नियमांत आहे.

याच्या उलट बाजूला मल्लविद्येची परंपरा उभी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत मल्लविनोदाचें प्रकरण आहे. त्यांत मल्लांच्या खुराकाची, त्यांच्या निरनिराळ्या श्रमांची आणि राजापुढें होणाऱ्या त्यांच्या झुंजींची हकीकत येते. प्रकरणाचें नांवच बोलकें आहे. श्रम मल्लांनीं करावयाचे, विनोद राजाचा व्हावयाचा. पुढें उत्तर पेशवाईंत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाला नवें रूप दिलें आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनें ती विद्या दूरवर पोंचविली, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं कुस्तीला जो आश्रय दिला त्याची साक्ष १९१२ सालीं बांधून झालेलें खासबागेचें मैदान आजही देत आहे. परंतु मैदान भरलें म्हणजे गांव निरोगी झाला असें होत नाहीं. हौद्यांत दोघे लढतात आणि हजारों लोक बसून पाहतात. तालमींनीं बळ सांभाळलें, शिस्त सांभाळली, जातिभेदाच्या भिंतीही कोठें कोठें खिळखिळ्या केल्या. पण त्यांचा आदर्श असाधारण पुरुषाचा होता. कारकुनाला, मास्तराला, दुकानदाराला तेथें प्रेक्षक होण्याखेरीज दुसरी भूमिका नव्हती. आणि स्त्रियांना तर तीही नव्हती.

येथें एक आक्षेप येईल कीं, जुन्या काळीं सामान्य माणसाला व्यायामाची गरजच कोठें होती? हा आक्षेप बराचसा खरा आहे. पहांटे जात्यावर दळण, मग विहिरीचें पाणी, नंतर कांडण, धुणें, शेतावरची खेप, असा ज्या घराचा क्रम होता तेथें शरीराला आणखी कांहीं करावयास सांगणें ही क्रूर थट्टा झाली असती. त्या कष्टांचें गोड चित्र रंगविणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. त्यांनीं स्नायु घडविले तशाच कंबराही मोडल्या. गिरणी आली, नळ आला, आणि जातें कोपऱ्यांत गेलें, याबद्दल कोणत्याही घरांतील म्हातारीनें शोक केलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. तात्पर्य एवढेंच कीं, नित्याच्या कामांत गुंतलेला श्रम जेव्हां कामांतून सुटला, तेव्हां त्याची जागा भरून काढण्याचा विचार निराळा करावा लागला. व्यायाम हा स्वतंत्र विषय झाला तो बैठ्या माणसाच्या जन्मानंतर.

हा बैठा माणूस युरोपांत आधीं जन्मला. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची संस्था काढली, आणि साधनांवांचून, सामुदायिक रीतीनें, हुकुमाबरोबर करावयाच्या हालचाली शाळाशाळांतून पसरल्या. आपल्याकडे जिला ‘ड्रिल’ म्हणून ओळखतात तिचें एक मूळ तेथें आहे. १९०४ सालीं डेन्मार्कच्या म्युलर यानें रोज पंधरा मिनिटांच्या व्यायामाचें पुस्तक लिहिलें, आणि तें अनेक भाषांत गेलें. कारण पंधरा मिनिटें हा हिशेब कचेरींत जाणाऱ्या माणसाला तत्काळ समजणारा होता. त्याच सुमारास सँडो या नामांकित बलवानाचें नांव हिंदुस्थानांत घरोघर झालें. १९०४-०५ मध्यें तो या देशांत खेळ करून गेला. पण त्याचीं पुस्तकें आणि उपकरणें त्याच्याही आधीं येऊन पोंचलीं होतीं.

त्या उपकरणांच्या गिऱ्हाइकांत औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे एक होते. आमच्या विषयाचा मर्मभाग येथें लागतो. १८६८ सालीं जन्मलेले आणि १९०९ मध्यें गादीवर आलेले हे संस्थानिक चित्रकार होते, कीर्तनकार होते, कलासंग्राहक होते. आणि तरुणपणीं सँडोचे निष्ठावंत अनुयायी होते. १८९७ पासून सुमारें दहा वर्षें त्यांनीं त्या पद्धतीनें नियमानें व्यायाम केला. पुढें १९०८ च्या सुमारास त्यांनीं तीं उपकरणें दूर सारलीं आणि सूर्यनमस्कार धरले, ते शेवटपर्यंत. विलायती साधन टाकून देशी नमस्कार घेतला, एवढ्यावरून याला निव्वळ स्वदेशाभिमान म्हणणें अपुरें होईल. ज्याला दहा वर्षें नियम पाळतां आला त्याला साधनाची अडचण नव्हती. परंतु आपल्या प्रजेला सँडोचीं उपकरणें देतां येणार नाहींत आणि नमस्कार मात्र देतां येतील, हें राजाला उमगलें असावें असें आमचें मत आहे. साडेतीन हात जमीन आणि स्वतःचें शरीर यांपलीकडे ज्याला कांहीं लागत नाहीं, तोच व्यायाम बहात्तर खेड्यांच्या गरीब संस्थानाला परवडणारा होता.

त्यांनीं तो व्यायाम संस्थानच्या शाळांत सुरू केला. त्याच्या दहा अवस्था ठरविल्या, श्वासाचे नियम लाविले, बीजमंत्र आणि सूर्याचीं नांवें मोठ्यानें उच्चारण्याचा आग्रह धरला, चित्रपट काढविला, आणि १९२८ सालीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें. १९३६ मध्यें ते विलायतेस गेले असतां ‘न्यूज क्रॉनिकल’ पत्राच्या लुइझ मॉर्गन या बाईंनीं त्यांची आणि राणीसाहेबांची माहिती तेथील वाचकांपुढें मांडली. १९३८ मध्यें याच बाईंनीं संपादिलेलें त्यांचें पुस्तक लंडनास निघालें. राजाच्या बांध्यापेक्षां राणीच्या प्रकृतीचें त्या बाईंना अधिक नवल वाटलें. अनेक मुलांची आई रोज नमस्कार घालते आणि तरतरीत दिसते, हा पुरावा इंग्लंडांतील गृहिणींना शंभर सिद्धांतांपेक्षां पटणारा होता. तालमीच्या दारांतून जी बाहेर राहिली तिला आपल्याच खोलींत, कोणाची परवानगी न घेतां, करतां येणारा व्यायाम सांपडला, ही औंधच्या प्रयोगाची सर्वांत मोठी कमाई होय असें आम्ही समजतों.

हा नमस्कार किती जुना, यावर विद्वानांत बराच वाद झाला आहे. आज शिकविला जातो तसा त्याचा पाठ जुन्या हठयोगग्रंथांतील आसनांच्या यादींत नाहीं, हें खरें. उलट हठप्रदीपिकेवर एकोणिसाव्या शतकांत टीका लिहिणाऱ्या ब्रह्मानंदानें, योग्यानें टाळावयाच्या कायाक्लेशांत पुष्कळ सूर्यनमस्कार घालणें आणि जड ओझीं वाहणें यांची गणना केली आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. औंधच्या पूर्वीं नमस्कार होते, आणि पुष्कळ लोक पुष्कळ संख्येनें ते घालीत होते. पण त्यांचें घर योगशाळेंत नसून उपासनेंत आणि अंगणांत होतें. सूर्याला नमन आणि तालमींतील दंड यांचा तो संगम आहे. समर्थ रामदासांच्या बलोपासनेशीं परंपरा त्याचा संबंध जोडते तो याच अर्थानें. राजानें नवें कांहीं निर्माण केलें नाहीं. विखुरलेलें होतें त्याला व्यवस्था दिली.

परंतु व्यवस्था दिली म्हणजे संवय लागली काय? येथें औंधचा धडा दुहेरी होतो. राजाज्ञेनें शाळेंत व्यायाम येतो, घरांत येतोच असें नाहीं. शाळेंतील घंटेबरोबर वांकणारी पाठ घंटा बंद झाल्यावर वांकेलच याची हमी कोणताही हुकूम देऊं शकत नाहीं. ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि राजाज्ञा इतिहासजमा झाली. राजाचे स्वतःचे नमस्कार मात्र तिच्यावर अवलंबून नव्हते. १९५१ सालीं, ब्याऐंशी वर्षें उलटल्यावर, त्यांचें निधन झालें. दुसरें असें कीं, ज्या मंत्रामुळें एकाचा व्यायाम उपासनेइतका नित्य होतो, त्याच मंत्रामुळें दुसऱ्याला तो परका वाटूं शकतो. २००७ सालीं मध्य प्रदेशांत शाळांतील सामुदायिक सूर्यनमस्कारांवरून जो वाद उठला, त्याचें बीज येथेंच आहे. ज्याला मंत्र हवा त्यानें म्हणावा, ज्याला नको त्यानें श्वास मोजावे. पण कोणाच्या पाठीला कोणाच्या आज्ञेनें वांकवूं नये. सक्तीनें केलेला नमस्कार हा नमस्कार नव्हे, आणि बहुधा व्यायामही नव्हे.

मध्यंतरीं पश्चिमेंतील शास्त्र फिरून वाग्भटापाशीं आलें, हें पाहून मौज वाटते. १९५३ सालीं डॉक्टर मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनीं लंडनमधील बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हांकणारे चालक आणि दुमजली गाडीचा जिना दिवसभर चढणारे-उतरणारे वाहक, दोघेही एकाच कंपनीचे नोकर. परंतु हृदयविकार वाहकांत कमी आढळला. वाहक कोणत्याही तालमींत जात नव्हता. तो तिकिटें देत होता. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांनंतर १९६५ सालीं जपानांत पावलें मोजण्याचें एक यंत्र ‘दहा हजार पावलें’ या अर्थाच्या नांवानें विकावयास आलें, आणि एका व्यापारी नांवांतील आंकडा जगाचा नियम होऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांसाठीं आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटांचा मध्यम श्रम सांगितला, आणि अगदीं थोडी हालचालही मुळींच नसण्यापेक्षां बरी असें बजाविलें. आठवड्याचीं दीडशें मिनिटें म्हणजे दिवसाचीं एकवीस-बावीस. निम्म्या बळाचा नियम आणि हा हिशेब यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

हा सारा ऊहापोह केवळ पांडित्यासाठीं नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेहाचे सुमारें दहा कोटी रुग्ण आहेत. आमचा लिहिता-वाचता वर्ग यांत मागें नाहीं. ज्या वर्गानें व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघालेले पाहिले, अमरावतीस १९१४ मध्यें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि लोणावळ्यास १९२४ मध्यें कैवल्यधाम उभें राहिलेलें पाहिलें, त्यानें व्यायामावर वाचलें पुष्कळ, व्याख्यानें ऐकिलीं पुष्कळ, आणि तो पुन्हां खुर्चींत बसला. ज्ञान आणि संवय यांमधला हा ओढा ग्रंथांनीं भरत नाहीं.

मग कशानें भरतो? इतिहास जें सुचवितो तें साधें आहे. जो व्यायाम दुसऱ्या एखाद्या न चुकणाऱ्या कर्माला बांधलेला होता तोच टिकला. वाग्भटानें तो स्नानाला बांधला, उपासकानें सूर्योदयाला, बसवाहकाच्या बाबतींत तो पोटाच्या उद्योगालाच बांधलेला होता. जो वेगळा काढला, ज्याच्यासाठीं वेगळा वेळ, वेगळें ठिकाण, वेगळें साधन आणि वेगळा उत्साह लागला, तो उत्साहाबरोबर गेला. तेव्हां ज्याला आरंभ करावयाचा असेल त्यानें संकल्प मोठा करूं नये. आंघोळीपूर्वीं बारा नमस्कार घालावे. बाजार जवळ असेल तर पायीं जावें. जिना असेल तर चढावा. आणि श्वास तोंडावाटे येऊं लागला म्हणजे थांबावें. पण हें सांगतांना नगरपालिकांनाही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. ज्या शहरांत पादचाऱ्याला पाय ठेवण्यास जागा नाहीं आणि सायंकाळीं मुलीला एकटीनें फिरण्याची सोय नाहीं, तेथें चालण्याचा उपदेश हा अर्धा उपदेश आहे. उरलेला अर्धा रस्ता बांधणाऱ्यांना करावा लागेल.

औंधच्या राजानें प्रजेला जें द्यावयाचें ठरविलें त्याला पैसा लागत नव्हता. म्हणूनच तें देणें सोपें आणि टिकविणें कठीण होतें. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत रोजच्या रोज, थोडी थोडी, स्वतःच द्यावी लागते. ती उद्यां सकाळीं द्यावयाची कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे.